मेधासाठी धरलेली जागा

जे मेधाला, माझ्या बायकोला, सांगितलं नाही ते मी जगात कुणालाच सांगितलेलं नसतं, आणि हे मी मेधाला सांगितलेलं नाही. म्हणजे तुम्ही पहिले. का तुम्ही? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काय. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायची हिंमत असती तर इतकी वर्षं हे पोटात घेऊन हिंडलो नसतो.

सुरुवात थिएटरपासून करतो. मी टाळाटाळ करतोय हे मला कळतंय — थिएटरवर मला कितीही वेळ बोलता येतं, आणि त्या बोलण्याआड लपायची मला सवय आहे. पण थिएटर समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही, तेव्हा ऐकून घ्या.

सोमवार ते शुक्रवार मी पाया लेबारच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. रविवारी मात्र मी सिंगापूरच्या जुन्या थिएटरांचा माणूस. चार हौशी लोक जमवायचे, टोपी घालायची, पाण्याची बाटली घ्यायची आणि उन्हातून हिंडवायचं — तो काँडोचा, फ्लॅट्सचा टॉवर दिसतोय ना, तिथे पडदा होता. त्या पार्किंगच्या जागी बाल्कनीचा जिना. एके काळी इथे वस्ती तिथे थिएटर होतं. त्याच्याही आधी उघड्यावर पडदा बांधून, लाकडी बाकांवर बसून लोक पिक्चर बघायचे, आणि पाऊस आला तरी उठायचे नाहीत, असं म्हातारे सांगतात. मलाय, चिनी, तमिळ, हिंदी — सगळ्यांचे देव वेगळे आणि पडदा एकच. दारात कागदाच्या पुड्यांतून खारे दाणे विकणारा तमिळ अण्णा असायचा. तिकिटावर सीटचा नंबर खिडकीतली बाई रंगीत पेन्सिलीने खरडून द्यायची. मग घरोघरी व्हिडिओ आला, त्यामागून मॉल आले. काही थिएटरांत चर्च भरायला लागलं, काहींत सोफासेटची दुकानं निघाली, उरलेली पाडली.

मी इथे आलो तेव्हा सेरांगून रोडच्या एका फाट्यावर त्यांतलं एक अजून तग धरून होतं. हिंदी-तमिळ पिक्चर लागायचे. नाव मुद्दाम सांगत नाही — आणि खरं तर आमच्या घरात त्याला नाव नव्हतंच. नुसतं ‘थिएटर’. लग्न होऊन मेधा पुण्याहून आली, त्या पहिल्याच रविवारी मी तिला तिथे नेलं. एसी बंद, खुर्चीची स्प्रिंग टोचतेय, आणि ही बया मध्यंतरात म्हणते, अवी, आपण दर रविवारी येऊ या. मग काय! ‘थिएटरला जाऊन येतो’, ‘थिएटरवरून येताना कोथिंबीर आण’. दुसऱ्या कुठल्या थिएटरशी आमचा संबंधच नव्हता. हे ध्यानात ठेवा. सगळा घोटाळा या शब्दात आहे — घोटाळा म्हणजे लोकांच्या मते.

आता ती गोष्ट सांगतो, जशी आमच्याकडे सांगतात तशी. माझ्या मुलीचा, इराचा, वाढदिवस असला की औक्षण झाल्यावर आणि केक कापायच्या आधी ही गोष्ट होतेच. सांगतो आमचा शेजारी श्रीरंग, त्याची बायको शुभावहिनी मधेमधे दुरुस्त्या करते, आणि मी कोपऱ्यात उभा राहून लाजतो.

तर गोष्ट अशी. इराच्या वेळी मेधाला आठवा लागलेला. थिएटरचा तो शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून कुलूप. मालकाने शेवटचा खेळ फुकट ठेवलेला, दुपारचा, कुणीही या आणि मिळेल तिथे बसा. त्याच दिवशी मेधाची नोव्हेनाच्या हॉस्पिटलात तपासणी. शुभावहिनी म्हणाल्या, मी नेते तिला, भावजी तुम्ही जा थिएटरला, तपासणी लवकर उरकली तर आम्हीही दोघी येऊ उरलेला पिक्चर बघायला. मी गेलो. तिकडे हॉस्पिटलात मेधाचं ब्लडप्रेशर असं काही चढलं की डॉक्टर म्हणाले, बाळ आत्ताच काढावं लागेल. वहिनींनी घाईघाईत मला मेसेज केला — ‘भावजी, मेधाला थिएटरमध्ये नेतायत. लवकर या.’

कळलं ना? आपण ऑपरेशनच्या खोलीला थिएटर म्हणतो. आणि आमच्या घरात थिएटर म्हणजे थिएटर! मी वाचलं आणि मला वाटलं, मेधाला कुणीतरी गाडीने थिएटरला आणतंय, आणि ‘लवकर या’ म्हणजे दारापाशी या. दारात बघितलं, कुणी नाही. परत आत जाऊन बसलो. श्रीरंग मला शोधत आला तर मी काय करतोय? — शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून बायकोसाठी जागा धरून बसलोय! इथपर्यंत आलं की श्रीरंग स्वतःचा रुमाल काढून खुर्चीवर टाकून दाखवतो. ‘आधी लगीन थिएटरचं!’ असं म्हणतो. लोक हसून हसून बेजार होतात. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, टेबलावर टिशूचं पाकीट ठेवून जागा धरतात, त्याला ‘चोप’ करणं म्हणतात. त्यामुळे इराच्या मैत्रिणींनाही ही गोष्ट बरोबर समजते. इराचं ठरलेलं वाक्य आहे — ‘बाबा चोप्ड अ सीट फॉर आई, लाह! सो ब्लर!’ ब्लर म्हणजे इथल्या बोलीत वेंधळा, आणि ‘लाह’ हे वाक्याला लावायचं नुसतं शेपूट. मुलीच्या तोंडून इतक्या मायेने निघालेली शिवी मला दुसरी मिळालेली नाही.

मेधाही हसते. सगळ्यांत जास्त तीच हसते. माझा दंड धरून, डोळे पुसत.

आणि मी वेंधळा नाही.

सांगायला बसलोय, तर सांगतो. मेसेज आला तेव्हा मध्यंतर चाललं होतं. मी बाहेर पायरीवर दाण्यांची पुडी घेऊन उभा होतो. फोन वाजला, वाचलं — आणि मला समजलं. लगेच समजलं. थिएटर म्हणजे कुठलं याबद्दल माझ्या मनात एक क्षणभरसुद्धा गोंधळ झाला नाही. कसा होईल? सकाळी मेधा पलंगाच्या कडेला बसून म्हणाली होती, डोकं फुटतंय रे, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. पाय सुजून चपलेत जात नव्हते. वहिनींबरोबर न जाता मी तिच्याबरोबर जावं असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि मी म्हणालो, ऊन लागलं असेल, लिंबू सरबत घे. सगळं माहीत होतं मला. मेसेज वाचल्यावर फक्त एवढंच झालं की जे येणार अशी भीती होती ते आलं.

रस्त्यावर टॅक्सी उभ्या होत्या. तिथून नोव्हेना किती लांब? — टॅक्सीत बसून पट्टा लावून होतो न होतो तोच येतं. मी पायरीवरून खाली उतरलोसुद्धा. मग मला ते दृश्य दिसलं. कुठलं? तुम्हीही पाहिलंय. दारावर लाल दिवा. दार उघडतं, डॉक्टर हातमोजे काढत बाहेर येतो आणि नवऱ्याला विचारतो — आई की बाळ? याच थिएटरात मी ते किती पिक्चरमध्ये पाहिलं असेल! मागच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या, आणि मी दाणे खात बघत असायचो. आणि आता तो डॉक्टर माझ्यासाठी बाहेर येणार होता. मी काय सांगणार होतो? काहीही सांगितलं असतं तरी ते मी सांगितलेलं असतं. जन्मभर. खरे डॉक्टर असं काही विचारत नाहीत हे मला आज माहीत आहे, आणि खरं सांगू? — तेव्हाही माहीत असावं. शिकलेला माणूस मी. पण त्या पायरीवर माझ्या डोक्यात एकच होतं. मी सापडलो नाही तर मला कुणी विचारू शकणार नाही.

मी वळलो आणि आत गेलो.

थांबा, एवढ्यावर संपत नाही. घाबरलो, पळालो, लपलो — इतकंच असतं तर कदाचित त्याच संध्याकाळी मेधाच्या पायाशी बसून रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. पण आत जाऊन बसल्यावर माझं डोकं चालायला लागलं. आज ना उद्या कुणीतरी विचारणारच, मेसेज मिळाला नाही का? मिळाला नाही म्हणालो तर फोन पाहतील. मी मेसेज परत उघडून वाचला. आणि या वेळी मला तो दुसरा अर्थ दिसला — थिएटर. आमचं थिएटर. मेधा येणार होतीच की! किती सोपं होतं. मला तेव्हा बरं वाटलं, हे सांगताना लाज वाटतेय, पण बरं वाटलं. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ना, ते. मी खिशातून रुमाल काढला, नीट चौकोनी घडी केली आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

तो रुमाल, ज्याच्यावर लोक इतकी वर्षं हसतायत, तो मी मेसेजचा अर्थ कळल्यावर ठेवला. पुरावा म्हणून.

हॉल खच्चून भरला होता. शेवटचा खेळ, माणसं जिन्यावर बसलेली. एक म्हातारी तमिळ बाई काठी टेकत आमच्या रांगेपाशी आली आणि त्या खुर्चीकडे बोट करून माझ्याकडे बघू लागली. मी मान हलवली. हिंदीत म्हणालो, ‘कोई आ रहा है.’ तिने माझ्या पायाशी, रांगांमधल्या वाटेत खाली बसून तो पिक्चर बघितला. वहिनींचा फोन आला, तो मी खिशात दाबून धरला, थरथर थांबेपर्यंत. पुन्हा आला. मग फोन बंद केला. ‘आत रेंजच नव्हती’ असं नंतर सांगितलं, आणि जुन्या जाड भिंती म्हटल्यावर ते सगळ्यांना पटलं. माझंच ज्ञान माझ्या कामी आलं.

पडद्यावर काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. त्या थिएटरचा मी इतिहासकार समजला जातो — छताचा रंग सांगेन, पडद्याच्या कोपऱ्यातलं ठिगळ सांगेन, आणि शेवटच्या खेळाचा उत्तरार्ध मला आठवत नाही. मला आठवतो तो मोकळा ठेवलेला रेक्झिनचा तुकडा आणि त्यावरचा पांढरा चौकोन. तिकडे तेव्हा काय चाललं असेल? मेधा असेल का? नसली तर? — आणि हे प्रश्न पडत असताना मी उठलो नाही. पाय माझेच होते, कुणी बांधलेले नव्हते.

मग श्रीरंग आला. अंधारात रांगा चाचपत, वाकून तोंडं बघत. माझा खांदा धरून म्हणाला, ‘अरे, तू इथे काय करतोयस?’ आणि मी — तयारी करून बसलेला मी — त्याच्याकडे बघून म्हणालो, ‘ही मेधाची जागा धरलीय. कुठे आहे ती?’

त्याने रुमालाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतकी दया दाटून आली की मला तोंड फिरवावं लागलं. ‘चल,’ एवढंच म्हणाला. टॅक्सीत त्याने माझा हात सोडला नाही.

मेधा वाचली, इरा वाचली. इरा बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. मुठीएवढं तोंड, नाकात नळी. सगळं पार पडल्यावर हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये श्रीरंगने ती रुमालाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली आणि शुभावहिनी हसता हसता रडायला लागल्या. ‘माझीच चूक, मीच ऑपरेशन लिहायला हवं होतं,’ म्हणाल्या. त्या आजही प्रत्येक वाढदिवसाला तसं म्हणतात. आणि मी म्हणतो, ‘नाही हो वहिनी, तुमची कसली चूक.’ मोठ्या मनाने म्हणतो! लोकांना वाटतं, किती भला माणूस.

इतकी वर्षं हे असंच चालू राहिलं. पुढेही चाललं असतं. मला त्याची सवय झाली होती — हो, पापाचीसुद्धा होते. गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली होती की कधीकधी मला वाटायचं, कुणास ठाऊक, तसंच झालं असेल. दंडाला मेधाचा हात लागला की मात्र तसं वाटत नसे.

परवा इराने रेकॉर्डर आणला. ती आता कॉलेजात आहे. जुन्या थिएटरांवर ती एक ध्वनिफीत बनवतेय, माझ्याच नादाने. इमारती गेल्या, आता लोकांच्या आवाजात त्या ऐकवायच्या अशी कल्पना. सुरुवात आमच्या गोष्टीने करायची म्हणे. तिच्या जन्माची गोष्ट आणि थिएटरच्या मरणाची, एकाच दुपारची. वर्गात ऐकवणार, मग आणखी कुठेकुठे. मी म्हटलं, अगं, त्यात काय आहे, थिएटरांच्या वास्तुरचनेवर कर. ‘बाबा, डोंट बी शाय, लाह,’ म्हणाली आणि रेकॉर्डर जेवणाच्या टेबलावर ठेवला. एका बाजूला मेधा, एका बाजूला मी.

आधी मेधाला विचारलं. शुभामावशी काय म्हणाली, मग डॉक्टर काय म्हणाले — सगळं ओळखीचं. मग इराने विचारलं, ‘आई, वर यू स्केअर्ड?’

मेधा हसली. मग हसू थांबवून तिने रेकॉर्डर जवळ ओढला. म्हणाली, ‘हे मी कधी बोलले नाही. त्यांनी मला दारापर्यंत नेलं होतं. मी म्हटलं, थांबा. माझा नवरा येतोय, जवळच आहे, मेसेज वाचला की निघेलच. त्याला बघितल्याशिवाय मी आत जाणार नाही. नर्स म्हणत होती, मॅडम, कान्ट वेट. मी त्या ट्रॉलीचा दांडा धरून ठेवला होता. लिफ्ट उघडली की वाटायचं, आला. दुसरंच कुणीतरी असायचं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझी बोटं सोडवली, अगदी प्रेमाने, एकेक करून.’ आणि मग ती वळली आणि माझ्या दंडावर चापट मारून म्हणाली, ‘आणि हा शहाणा तिकडे माझी जागा धरून बसला होता!’

इरा खळखळून हसली. मला ते ऐकू आलं, पण लांबून. इतकी वर्षं मी समजत होतो की त्या दिवशी मी फक्त गैरहजर होतो. कुणी माझ्यासाठी थांबलं होतं, डॉक्टरांना थांबवून ठेवलं होतं, जिवावर बेतलं असताना — हे मला माहीतच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर तिनेही मला विचारलं असतं.

मग इराने रेकॉर्डर माझ्याकडे सरकवला. ‘ओके, बाबा. तू मेसेज वाचला. व्हॉट डिड यू थिंक?’

त्यावरचा लाल ठिपका पेटलेला होता. मेधा माझ्याकडे बघत होती — कौतुकाने, पुढचं वाक्य पाठ असल्यासारखी. आत्ता बोललो असतो तर तेवढं एकच वाक्य पुरलं असतं. खोलीत आम्ही तिघंच होतो. कुणीही घाई करत नव्हतं.

मी घसा साफ केला. ‘मला वाटलं,’ मी म्हणालो, ‘तुझी आई पिक्चर बघायला येतेय.’

दोघी हसल्या. रेकॉर्डिंग छान झालं म्हणाली इरा, एकदम नॅचरल. रुमालाचंही सांगितलं मी, घडी कशी केली तेसुद्धा.

पहिल्यांदा हे खोटं बोललो तेव्हा मेधा त्या दारापाशी माझी वाट बघत थांबली होती हे मला ठाऊक नव्हतं. परवा ठाऊक होतं.